मैदानावरच्या कला महोत्सवात नाटक रात्री १० नंतर चालू ठेवता येतं का?

माईक लावून नाही. १० ला स्पीकर बंद करावाच लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं. त्यामुळे तारीख पक्की करण्याआधी, पत्रिका छापायच्या आधीच, यंदाचे सवलतीचे दिवस पोलीस ठाण्यात विचारा. स्पीकरचा लेखी परवाना एरवीही लागतोच. बंद सभागृहाला ही वेळमर्यादा नाही, पण खिडक्या सताड उघड्या आणि पत्र्याचं छप्पर असलेल्या मंगल कार्यालयाच्या भरवशावर राहू नका.

खरा वेळ नाटक खात नाही, सत्कार खातात. पत्रिकेत ६ लिहिलं की दीपप्रज्वलन पावणेसातला, मग शाल-श्रीफळ, मग ‘दोन शब्द’, आणि पडदा उघडतो साडेआठला. दोन अंकी नाटक १० च्या आत संपवायचं तर सगळे सत्कार उद्घाटनाच्या दिवशीच उरका आणि बाकीच्या दिवशी तिसरी घंटा ठोक ७ ला द्या. शिवाय संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. गावच्या हौशी मंडळाचं नवं नाटक असेल तर हेच हमखास राहून जातं.