पीप आवळत बसू नका, आधी चष्मा बघा

'सकाळी ग्रुप छान, संध्याकाळी फुटतो, आणि आयरिस बारीक केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.' पोस्टमधलं तुमचं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. (ग्रुप म्हणजे कार्डावर पडलेल्या शॉट्सचा पुंजका, पीप म्हणजे मागच्या साइटमधलं बघायचं भोक, आणि आयरिस म्हणजे ते भोक लहान-मोठं करणारी चकती.) १० मीटर एअर रायफल, चष्म्याचा नंबर -१.५०, रायफल बिघडल्याचा संशय. नंबर थोडा वेगळा सोडला तर सगळं माझंच. त्यात माझी दोन वर्षं गेली.

पोझिशन, श्वास, ट्रिगर यांवर लिहीत नाही, ते तुमचे कोच बघतीलच. मी फक्त डोळ्यासमोरच्या त्या भोकाबद्दल सांगतो.

पीपचं भोक लहान केलं की खोलीची स्पष्टता वाढते. फोरसाइटची, म्हणजे नळीच्या टोकावरच्या साइटची, रिंग आणि पलीकडचा लक्ष्यावरचा काळा गोल (बुल) दोन्ही रेखीव दिसतात. पण भोक लहान असलं की चुकीचा नंबरही झाकला जातो, आणि माझी चूक तीच. भिंग चुकलेलं होतं आणि मी आयरिस आवळत होतो. १.२ वरून १.०, मग ०.८ मिमी. दिवसा चालून गेलं. संध्याकाळी रेंजवर उजेड कमी झाला की रिंगच्या आतलं पांढरं करडं पडायचं, मी १५-१५ सेकंद रोखून बघत राहायचो, डोळा थकायचा. शॉट बाहेर गेला की क्लिक फिरवायचो, म्हणजे साइटचा स्क्रू फिरवून नेम सरकवायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी झीरो (साइटचा जुळवलेला नेम) भलतीकडेच. १० गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे असे खेळ चालत नाहीत.

ज्या दुकानात चष्मा केला तिथे तीनदा गेलो. रिंग अंडाकृती दिसते म्हटलं तर 'नंबर बरोबर आहे, सवय होईल'. रायफलवर गाल टेकवल्यावर आपण भिंगाच्या मधून नव्हे, नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो, तिथे भिंग तिरकं पडतं, हे मी हाताने करून दाखवलं. ऐकून घ्यायलाच कुणी तयार नाही. वर त्याच नंबरचा दुसरा चष्मा गळ्यात मारला. पैशांचं जाऊ द्या, त्या मोसमाची राज्य स्पर्धा हातची गेली, ते अजून सलतं.

शेवटी उपाय साधा निघाला. नेमबाजीची फ्रेम घेतली, एकच गोल भिंग, हवं तसं वळवून नजरेच्या रेषेला काटकोनात आणता येतं. माझा दूरचा नंबर -२.२५, त्यात +०.५० मिळवून -१.७५ केला, म्हणजे डोळ्याला फोरसाइटवर ताण न घेता टिकता येतं. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, हा आकडा माझा आहे, उचलून वापरू नका. पण तपासायला जाताना पीप आणि फोरसाइटमधलं अंतर मोजून कागदावर लिहून न्या, आणि जो डॉक्टर तो कागद न बघता बाजूला ठेवेल त्याच्याकडून उठून या. हे जरा कडक वाटेल, पण माझं ठाम मत आहे.

भिंग बसल्यावर आयरिस पूर्ण उघडा आणि हळूहळू बंद करत या. काळा गोल रेखीव झाला की थांबा. त्यापुढे एक खाचही नको. उजेड बदलला की पुन्हा जुळवा. फोरसाइटची रिंगही मोठी ठेवा. बुलभोवती पांढरं भरपूर दिसलं पाहिजे. लहान रिंगने नेम अचूक होतो हा समज मुलांच्या डोक्यातून काढताना माझ्या नाकी नऊ येतात.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. नेम न धरणारा डावा डोळा मिटू नका, काळ्या कागदानेही झाकू नका. एक डोळा अंधारात गेला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात. दुधी प्लास्टिकचा तुकडा लावा, ३० मिमीपेक्षा रुंद नको, नाहीतर स्पर्धेत उपकरण तपासणीला अडकाल.

एवढं होईपर्यंत रायफल दुरुस्तीला देऊ नका. क्लिकला तर आठवडाभर हात लावू नका. सकाळचे १० आणि संध्याकाळचे १० शॉट वेगवेगळ्या कार्डांवर मारा, प्रत्येकावर वेळ आणि आयरिसचा आकडा लिहा, आणि ती कार्डं इथे टाका. मी बघतो.