गाय लाथ मारते, पान्हा चोरते (दूध रोखून धरते) आणि भरवली तरी उलटते (रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते), काय करावं?

आधी कासेचे सड बघा. गाय उगाच लाथ मारत नाही, सडाला चीर असेल किंवा कास गरम आणि कडक लागत असेल तर तिला दुखतंय, मग मारून काय होणार, उलट घाबरली की पान्हा अजूनच वर चढवते. कोमट पाण्याने कास धुवून हलक्या हाताने चोळा, मिनिटभरात सड टरारले की लगेच काढायला बसा आणि ५ ते ७ मिनिटांत उरका. वेळ आणि माणूस शक्यतो तोच ठेवा. पान्ह्यासाठी इंजेक्शन मात्र नकोच, प्लीज.

उलटण्याचं म्हणाल तर बऱ्याचदा टायमिंग चुकतं. माज, म्हणजे गाय भरवण्याजोगी होते तो काळ, साधारण २१ दिवसांनी येतो, काचेसारखा चिकट स्राव लोंबतो, दुसरी गाय अंगावर चढली तरी ही शांत उभी राहते. सकाळी असं दिसलं तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. स्राव पांढरट किंवा पुवासारखा असेल तर भरवू नका, आधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या. तीनदा उलटली तरी तपासाच, आणि मिनरल मिक्श्चर रोज द्या. फक्त एक, वासरं पण तशीच तापट निघत असतील तर तिची कालवड पुढे ठेवू नका, स्वभाव थोडाफार रक्तातून येतोच.