साडेआठचं भोक आणि एम१०चे आटे

कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग आणि मॉडेल बनवण्याचा, प्रोग्राम बदलल्यावर जुन्या फाइल्सचं काय करायचं, हे विचारणारे फोन वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतून आणि वाघोडिया रोडवरून सतत येतात. गोंधळ बहुतेकांचा तोच असतो, म्हणून या वेळी एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी ड्रॉइंग्ज दुसऱ्या, स्वस्त प्रोग्राममध्ये उघडतील का?

बहुधा उघडतील. अडलं तर २०१३च्या फॉर्मॅटमध्ये सेव्ह करून पाहा.

प्रश्न: लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल पाठवली. त्याच्याकडे पार्ट अवाढव्य दिसतो.

२५.४ पट मोठा असेल तर तुमच्या मिलिमीटरचे तिकडे इंच झालेत. युनिट सांगून पाठवा आणि माहीत असलेलं एक माप त्याच्याकडून मोजून घ्या. तोवर पत्रा मशिनवर चढवू देऊ नका.

प्रश्न: ड्रॉइंगवरच्या गुजराती सूचना दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलतीच अक्षरं होऊन येतात.

फॉन्ट जुना, युनिकोडपूर्वीचा असणार. तूर्त फॉन्टची फाइल सोबत द्या. नवी ड्रॉइंग्ज मात्र युनिकोडमध्येच करा.

प्रश्न: आम्ही पंपाचे भाग बनवतो. क्रिओ हा कॅड प्रोग्राम सोडून सॉलिडवर्क्सवर जायचंय. ओळखीचे म्हणतात, सगळं स्टेपमध्ये काढा, जसंच्या तसं येतं. खरं का?

खरं नाही, आणि हे ऐकीव वाक्य मला फार छळतं. स्टेप, म्हणजे आयएसओ १०३०३, हे एका प्रोग्राममधलं मॉडेल दुसऱ्यात नेण्याचं, १९९४पासूनचं चांगलं मानक आहे, पण त्यातून येतो तो आकार. स्केच, एक्सट्रूड (स्केचला जाडी देणं), फिलेट (कडा गोल करणं) हा मॉडेल बांधण्याचा क्रम येत नाही. उद्या बॉसची, म्हणजे पार्टवरच्या गोल उंचवट्याची, उंची ५ मिमीने वाढवायची झाली तर तुमच्या हाती एक मुका गोळा असतो.

त्याहून घातक गोष्ट आट्यांची. एम१०चं, म्हणजे १० मिमीच्या बोल्टसाठी टॅपने आटे पाडलेलं भोक बहुतेक मॉडेलमध्ये साडेआठ मिमीचंच असतं, आटे फक्त दाखवण्यापुरते. स्टेपमधून गेलं की साधं साडेआठचं भोक उरतं. मी पाहिलेल्या एका कारखान्यात असे केसिंग ड्रिल होऊन, टॅप न मारता, थेट असेंब्लीवर पोहोचले होते. बोल्ट हातात घेतल्यावर कळलं. २५ एच७चं बोअरही, म्हणजे माप किती चुकलेलं चालेल हे ठरवून दिलेलं २५ मिमीचं भोक, नुसतं २५ होऊन येतं. शून्य ते +०.०२१ची मर्यादा कुठेच दिसत नाही. स्टेपच्या एपी२४२ प्रकारात टॉलरन्स, म्हणजे अशा मर्यादा, नेता येतात, पण लिहिणारा आणि वाचणारा दोन्ही प्रोग्राम ते नीट हाताळत असतील तरच.

म्हणून प्रत्येक मॉडेलसोबत मूळ ड्रॉइंगची पीडीएफ ठेवा. दोन्हीकडचं घनफळ ताडून पाहा. फरक पडला तर एखादा पृष्ठभाग फाटलाय किंवा गळालाय. मूळ फाइल्स पुसू नका. कोणते पार्ट नव्याने बांधायचे आणि कोणते नुसत्या आकारावर चालतील, हे दोन्ही प्रोग्राम जाणणाऱ्या माणसाला फाइल्स दाखवूनच ठरवा.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, लायसन्स घ्या, सगळ्या फाइल्स फुकट बदलून देऊ.

त्याच्या डेमोचा पार्ट त्यानेच निवडलेला असतो, तो नीट येणारच. तुमचं सगळ्यात किचकट कास्टिंग, एक शीट मेटलचा पार्ट आणि मोठी असेंब्ली त्याला द्या. 'बदलून देऊ' म्हणजे फीचर ट्रीसकट (मॉडेल बांधण्याच्या क्रमासकट) की नुसता आकार, हे लेखी घ्या. ऑर्डर त्यानंतर.

प्रश्न: जुन्या प्रोग्रामचं सबस्क्रिप्शन पुढच्या महिन्यात संपतंय. फाइल्स नंतर सावकाश काढू का?

नको. मुदत संपली की प्रोग्रामच चालणार नाही, मग स्टेप कशातून काढणार? चालू ऑर्डरींचे पार्ट या आठवड्यातच स्टेप आणि पीडीएफमध्ये काढून ठेवा, बाकीचे मुदतीआधी. फाइल्स शेकड्यांनी असतील तर आजच कोणाचा तरी सल्ला घ्या, कारण तपासायला काढण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.