समुद्राजवळच्या घराच्या प्लॉटची मोजणी करून घेताना काय पाहावं?

कुंपण घालण्याआधी मोजणी करताय, हे उत्तम. भूमापक येण्याआधी खरेदीखत, मंजूर नकाशा आणि शेजारच्या प्लॉटची मापं हाताशी ठेवा. नुसत्या आपल्या चार बाजू मोजून हद्द ठरत नाही.

किनाऱ्यावर खरा घोळ होतो तो जुन्या खुणांचा. लोखंडी खुंटी खाऱ्या हवेनं गंजते आणि वाळू सरकली की कलते. वरचं टोक १०-१५ सेंमी बाजूला गेलेलं असू शकतं. त्यामुळे खुंटी दिसली की तिथून टेप लावू देऊ नका. खणून तिचं बूड कुठे आहे ते बघायला सांगा. मोजणी प्लॉटबाहेरच्या किमान दोन पक्क्या नियंत्रण बिंदूंवरून (ज्यांची जागा आधीच अचूक मोजलेली आहे अशा खुणांवरून) सुरू व्हावी आणि शेवटी पुन्हा त्यांच्याशी जुळावी. उपग्रहावर चालणारं आरटीके यंत्र मोकळ्यावर १-२ सेंमीपर्यंत अचूक असतं, पण दाट झाडांखाली किंवा भिंतीलगत भरकटतं. तिथे टोटल स्टेशनच, म्हणजे तिपाईवरून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, हवं.

जोत्याची पातळी ठरवायची असेल तर हे विसरू नका: उपग्रह यंत्राची मूळ उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, फरक कित्येक मीटरचा पडू शकतो. कोणत्या बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून) उंची घेतली, ते नकाशावर लिहून घ्या. भरतीरेषा दाखवली असेल तर मोजल्याची तारीखही हवी, कारण ती सरकते.

नव्या खुणा काँक्रीटच्या घ्या, निदान ६० सेंमी खोल, आणि सही करण्याआधी शेजाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवा.