चष्मा थांबू शकतो, ऑगस्टचा हप्ता थांबवा

प्रश्न : आम्ही निपाणीजवळच्या गावात राहतो. मी कागलच्या एमआयडीसीत मशीन ऑपरेटर आहे. वय ४३, महिन्याला हातात २८,००० रुपये येतात. पत्नी घरीच असते. मोठ्या मुलीला, वय १६, जन्मापासून कमी दिसतं. २०१४ चा ७५ टक्क्यांचा सरकारी दाखला आहे, कागदीच. मोठी अक्षरं डोळ्याजवळ धरून वाचते. मराठी माध्यमातून एस.एस.एल.सी. (दहावी) झाली, आता निपाणीतच पी.यू.सी. (अकरावी-बारावी) आर्ट्स करणार आहे. कोल्हापुरात एका शिबिरात चष्म्याला लावायचा कॅमेरा दाखवला. पुस्तक समोर धरलं की तो वाचून कानात सांगतो. इंग्रजी पान घडाघडा वाचून दाखवलं. किंमत १,८५,०००. एफडी १,१०,००० ची आहे आणि सोनं पाच तोळे. एफडी मोडून उरलेले सोन्यावर काढू की सगळे सोन्यावरच? तिच्या नावाची पॉलिसी आहे, वर्षाला ६०,००० चे तीन हप्ते भरले. ऑगस्टच्या हप्त्यासाठी ४५,००० बाजूला काढलेत, त्याला हात लावायचा नाही. एजंटनं १५ वर्षांनी २२ लाख मिळतील असं लिहून दिलंय. पॉलिसीच्या पानांचे फोटो सोबत जोडतो.

उत्तर : एफडी मोडू नका, सोनं ठेवू नका आणि हा चष्मा आत्ता घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. सोन्यावर १,८५,००० काढले तर बँकेत १०-११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १९-२० हजार होतं आणि पेढीवर महिना शेकडा दोननं ४४ हजार. एफडी म्हणजे तुमच्या घराचा चार महिन्यांचा खर्च आहे, तेवढाच आधार तुमच्याकडे आहे.

मला काळजी वाटली ती मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या पॉलिसीची. ज्या पैशाला हात लावायचा नाही म्हणता, नेमकी तिथंच मोठी चूक झाली आहे.

फोटोतलं पहिलंच पान बघा. विमा मुलीच्या जिवावर आहे आणि हप्ता भरणारे तुम्ही. तुमच्यामागे हप्ता माफ होण्याची जोड त्यात घेतलेली नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नी आणि मुलीच्या हातात या पॉलिसीतून एक रुपया येत नाही. उलट ज्या घरात कमाई उरलेली नाही त्या घरानं वर्षाला ६० हजार भरत राहायचं, नाहीतर पॉलिसी अर्धवट पडणार. मुलगी तुमच्या पगारावर अवलंबून आहे, तेव्हा विमा तुमचा हवा. वर्षाच्या ३,३६,००० च्या कमाईतून ६० हजार, म्हणजे दोन महिन्यांहून जास्त पगार, चुकीच्या जिवाच्या विम्यावर जातोय. दिव्यांग मुलाच्या बापाची काळजी ओळखून हे विकलं गेलं आहे आणि त्याचा मला संताप येतो.

आता ते २२ लाख. वर्षाला ६० हजार भरून १५ वर्षांनी २२ लाख व्हायला दरसाल साडेदहा टक्के वाढ लागते. अशा पारंपरिक पॉलिसीत ती मिळत नाही. कंपनीचा स्वतःचा तक्ता तुमच्याच फोटोत आहे : ८ टक्क्यांच्या गृहीतकावर १३ लाख आणि ४ टक्क्यांवर साडेनऊ लाख. १३ लाख धरले तरी तुमचा परतावा पडतो साडेचार टक्के. हेच ६० हजार पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी गेले तर सव्वासोळा लाख होतात. एजंटनं हातानं लिहिलेल्या आकड्याला कंपनी बांधील नसते, आणि छापील तक्त्यातही ती फक्त हमीच्या आकड्यांना बांधील असते, ४ आणि ८ टक्क्यांच्या गृहीतकांवरच्या आकड्यांना नाही.

टॅक्स वाचेल असंही सांगितलं असणार. तुमच्या उत्पन्नावर जुन्या किंवा नव्या, कुठल्याच पद्धतीत आज टॅक्स लागत नाही. दिव्यांग मुलासाठी पालकाला उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट मिळते, पण तीही टॅक्स लागणाऱ्यालाच आणि जुन्या पद्धतीत. तुम्ही त्या हिशेबात पडूच नका. शिवाय दिव्यांग मुलांना आरोग्य विमा मिळत नाही म्हणून ही पॉलिसी घ्या, असंही कोणी म्हणालं असेल तर ते खोटं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत विमा नियामकानं आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी आणायला बजावलं. आणि तुमची ही पॉलिसी दवाखान्याचं बिल तसंही देत नाही.

मग काय करायचं? सगळ्यात आधी तुमच्या जिवाचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), ५० लाखांचा, वयाच्या साठीपर्यंत. तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण १० ते १४ हजार. तंबाखू खात असाल तर अर्जात तसं लिहा, हप्ता वाढेल, वाढू दे. आपल्या भागात तंबाखू घरोघरी आहे आणि ‘कधीमधी खातो’ म्हणून तो रकाना रिकामा सोडला जातो. पुढं दावा अडकतो तो याच रकान्यामुळे. अर्ज भरतानाच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी आणि मुलीच्या नावे पॉलिसी करून मागा. मग तुम्ही ज्यांचं कर्ज लागता त्यांना ती रक्कम ओढता येत नाही. हे अर्जाच्या वेळीच करावं लागतं, मागाहून होत नाही.

टर्म विमा हातात आल्यावर जुन्या पॉलिसीकडे वळा. ऑगस्टनंतर वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, म्हणजे वेळ आहे. एजंट म्हणेल, चौथा हप्ता भरा, मग निम्मे परत मिळतात. तुमच्या तक्त्याप्रमाणे आज पॉलिसी मोडली, म्हणजे सरेंडर केली, तर १,८०,००० चे ३५ टक्के, म्हणजे ६३ हजार मिळतात. चौथा भरल्यावर २,४०,००० चे ५० टक्के, म्हणजे १,२०,०००. साठ हजार घालून सत्तावन्न हजार जास्त. यात फायदा कुठं आहे? हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर साडेसात लाखांच्या विमा रकमेचा पाचवा हिस्सा (पंधरापैकी तीन हप्ते भरलेत म्हणून), दीड लाख आणि जमा बोनस, बारा वर्षांनी. तेच ६३ हजार सात टक्क्यांनी बारा वर्षं ठेवले तर एक लाख चाळीस हजारांच्या आसपास होतात. दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या आहेत, म्हणून तुमच्या घरी आज पैशाची गरज असेल तर सरेंडर, नसेल तर हप्ते थांबवणं. सरेंडरचा आकडा एजंटकडून नको, कंपनीच्या शाखेतून लेखी घ्या. तक्त्यातल्या हमीपेक्षा तो थोडा जास्तही निघू शकतो.

मात्र सरेंडरच्या आधी तक्रार करा. सरेंडर झालं की करार संपतो आणि तक्रारीतला जोर जातो. २२ लाख लिहिलेला तो कागद जपून ठेवा, तुमच्या हातातला मोठा पुरावा तोच आहे. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा : मुलीच्या जिवाचा विमा गरज नसताना विकला, खोटा परतावा लिहून दिला, सगळे हप्ते परत करा. उत्तर नकाराचं आलं किंवा ३० दिवसांत आलंच नाही तर विमा लोकपालाकडे जा. तुम्ही कर्नाटकात राहता, म्हणून बेंगळुरूचं कार्यालय. नोकरी कागलला आणि एजंट कोल्हापूरचा असला तरी राहत्या पत्त्यावरून तुम्हाला तिथं जाता येतं. नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं, फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतील अशी आशा धरून मात्र बसू नका.

वर्षाचे सुटलेले ६० हजार असे वाटा : १२ हजार टर्म विम्याला, महिना २,००० प्रमाणे २४ हजार आरडीत मुलीच्या साधनांसाठी, २४ हजार पीपीएफमध्ये. साधनांची वेगळी आरडी हवीच, कारण फोन आणि लॅपटॉप चार-पाच वर्षांत बदलावे लागतात आणि हे सहसा कोणी घरखर्चात धरत नाही. ऑगस्टसाठी बाजूला काढलेले ४५ हजार आता मुलीच्या शिक्षणाला मोकळे आहेत.

आता चष्मा. मुलगी मोठी अक्षरं वाचते, म्हणजे तिच्याकडे वापरण्याजोगी नजर आहे. अशा मुलीला फक्त कानानं वाचणारं यंत्र देणं म्हणजे असलेली नजर बाजूला ठेवणं. आधी एखाद्या नेत्र रुग्णालयाच्या लो व्हिजन विभागात तपासणी करून घ्या. तिथं जवळच्या वाचनाचा जाड भिंगाचा चष्मा, स्टँडवरचं भिंग, कागदापासून किती अंतर, उजेड कुठल्या बाजूनं हे ठरतं. सोबत तिरका वाचन-स्टँड आणि वाकवता येणारा एलईडी दिवा, म्हणजे मान झुकवून पुस्तक नाकाला लावावं लागत नाही. सगळं मिळून ५-६ हजार. आर्ट्सला वाचन फार असतं, तासाभरानं डोळे थकतात, तेव्हा कान कामाला लावायचे.

त्यासाठी १२-१५ हजारांचा अँड्रॉइड फोन पुरतो. त्यात टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, आणि स्क्रीन मोठी करण्याची सोय आधीच असते. गुगलचा आवाज मराठी आणि कन्नड दोन्ही वाचतो. छापील पानाचा फोटो काढून गुगल ड्राइव्हवर ठेवला आणि संगणकावरून गुगल डॉक्समध्ये उघडला की त्यातला मजकूर वेगळा होतो, देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांतला. फोन हातात धरून फोटो काढला तर सावली पडते, पान तिरकं येतं आणि जोडाक्षरं चुकतात. हजार रुपयांचा फोन-स्टँड घेऊन वरून सरळ फोटो काढा, दोन्ही बाजूंनी उजेड ठेवा.

लॅपटॉप घेताना १५.६ इंची, चमक न मारणारी स्क्रीन, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असलेला घ्या. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि त्याच्या बऱ्याच आज्ञा याच बटणांवर असतात. त्यातला मराठी-कन्नड आवाज यंत्रासारखा वाटतो, दोन-तीन आठवडे कानाला त्रास होतो, मग सवय होते. विंडोज आणि अधिकचं बटण दाबलं की स्क्रीन मोठी होते, कंट्रोल-अल्ट-आय दाबलं की पांढऱ्यावर काळं उलटून काळ्यावर पांढरं होतं. एक अडचण नक्की येईल : कॉलेजच्या नोट्स श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असल्या तर स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरं वाचतो. त्यात लॅपटॉपचा दोष नसतो. सरांकडून युनिकोडमधली फाइल मागा, नाहीतर छापून फोटोचाच मार्ग. सुगम्य पुस्तकालय हे केंद्र सरकारचं २०१६ पासूनचं ऑनलाइन ग्रंथालयही तिच्यासाठी मोफत आहे.

लॅपटॉप लगेच विकत घेऊ नका. एस.एस.एल.सी.च्या पुढं शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांना बोलका लॅपटॉप देण्याची कर्नाटकच्या दिव्यांग कल्याण खात्याची योजना आहे. आधी तिच्या टक्केवारीला तो मिळतो का ते विचारा आणि अर्ज टाका. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी नेमलेला पुनर्वसन कार्यकर्ता, म्हणजे व्ही.आर.डब्ल्यू., असतो, त्याला गाठा. निधीप्रमाणे निवड होते. दिवाळीपर्यंत हालचाल दिसली नाही तर ३५-४० हजारांचा स्वतः घ्या. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत महिना २२,५०० पर्यंत उत्पन्न असेल तर साधन पूर्ण मोफत आणि ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत मिळतं. तुम्ही निम्म्यात बसता, पण दाखल्यावर हातातला पगार नाही, सगळं उत्पन्न धरतात. नाडकचेरीतून (कर्नाटकातलं महसूल कार्यालय) दाखला काढून आकडा बघा. आणि दुकानात विकत घेऊन पावती दाखवली तर एडिपमधून पैसे परत मिळत नाहीत, हे चष्मा विकणारा सांगणार नाही. केंद्राच्या पोस्ट-मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे, म्हणून ती शिष्यवृत्ती तुम्हाला मिळणार नाही. उत्पन्न कमी दाखवून देणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

या सगळ्याला यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र लागतं, आणि तुमच्याकडे ते नाही. २०१४ च्या कागदावर आता केंद्राच्या योजना चालत नाहीत. त्याच्याच ‘स्वावलंबन कार्ड’ या संकेतस्थळावर अर्ज करा : आधार, फोटो, सही आणि जुना दाखला. तपासणीला बेळगावच्या बिम्स या सरकारी रुग्णालयात बोलावलं तर डोळ्यांचे सगळे जुने रिपोर्ट आणि वापरातला चष्मा सोबत न्या. नाव आधारवर आणि एस.एस.एल.सी.च्या गुणपत्रिकेवर अक्षरशः एकच आहे का ते अर्जाआधी बघा. मराठीतून कन्नड आणि कन्नडमधून इंग्रजी होताना आडनावाची स्पेलिंग बदललेली असते आणि अर्ज तिथंच अडकतो. कार्ड देशभर चालतं, पुढं ती कोल्हापूरला शिकायला गेली तरी. राज्याच्या योजना मात्र रहिवासावर मिळतात, म्हणून रेशनकार्डाचा पत्ता उगाच हलवू नका.

वर्षभरानं हे सगळं वापरूनही तिला चष्म्याची गरज वाटली तर तिचीच पुस्तकं घेऊन जा. मराठी पान, कन्नड पान, हातानं लिहिलेली वही, दोन रकान्यांचं वर्तमानपत्र. इंटरनेट बंद करून वाचायला लावा. एका चार्जिंगवर किती तास चालतो, दुसऱ्या वर्षापासून वर्गणी भरावी लागते का, दुरुस्ती कुठं होते, हे लेखी मागा. इंग्रजी पानाच्या दाखवणुकीवर १,८५,००० द्यायचे नाहीत.

फोन आणि एनव्हीडीए शिकायला दोन-तीन महिने लागतात, आणि पैसे कमी पडण्यापेक्षा इथंच जास्त मुलं मागं पडतात. बेळगावातल्या अंधशाळेत संगणक शिकवणाऱ्यांकडे सुट्टीतल्या वर्गाची चौकशी करा, तिथला खर्च या ४५ हजारांतूनच धरा. परीक्षेत लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देण्याचे केंद्राचे निर्देश आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्याचा अर्ज प्राचार्यांकडे जूनमध्येच द्या. लेखनिक आधीच ठरवा, आणि पहिल्या चाचणीपासून तिला त्याच लेखनिकाबरोबर पेपर सोडवायला बसवा. उत्तर तोंडानं सांगून लिहवून घेणं ऐन परीक्षेत पहिल्यांदा जमत नाही.