नाइट लागली म्हणून घाबरलेल्या पोरीला

प्रिय पोरी,

परवा रात्री दोनला तुझा मेसेज आला, 'सिस्टर, नाइट ड्युटीने कॅन्सर होतो म्हणे, खरं का?' वेळ बघूनच कळलं, नाइटलाच बसलीयस.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलंय, हे खरं. पण त्याच गटात लाल मांस आहे आणि ६५ अंशांवरचा कढत चहासुद्धा. गट ठरतो तो पुरावा किती भक्कम यावरून. धोका केवढा, ते त्यातून कळत नाही. (पहाटे तीनला आपण घशात ओततो तो चहा मात्र निवू देत जा.)

अमेरिकेत ७८ हजारांवर नर्सेसची दहा वर्षं नोंद ठेवली होती. निकाल २००१ मध्ये आला. तीस किंवा जास्त वर्षं फिरत्या नाइट केलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण ३६ टक्क्यांनी जास्त निघालं. त्याहून कमी वर्षं केलेल्यांत जेमतेम ८ टक्के. उलट २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत काहीच फरक दिसला नाही. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही, आणि तुझी तर ही पहिलीच नाइट.

मला पटला तो २००५ चा एक प्रयोग. बायकांचं रक्त तीन वेळा घेतलं: दिवसा, रात्री अंधारात, आणि रात्रीच पण प्रखर उजेडात बसवून. मग ते उंदरांत वाढवलेल्या मानवी स्तनाच्या गाठींतून फिरवलं. अंधारातल्या रक्ताने गाठीची वाढ मंदावली. उजेडातल्या रक्ताने नाही. फरक मेलाटोनिनचा, म्हणजे झोपेशी जोडलेल्या हार्मोनचा. ते अंधारातच भरपूर स्रवतं आणि उजेड, त्यातही निळसर, डोळ्यांत शिरला की आटतं. पण म्हणून त्याच्या गोळ्या घेत बसू नकोस हं, उंदरांवरून आपलं औषध ठरत नाही.

वॉर्डातले दिवे तुझ्या हातात नाहीत, रोस्टर थोडं आहे. दोन नाइट, एक मॉर्निंग, परत नाइट असली खिचडी इन्चार्जने लावली, तर तोंड उघड. मी बावीस वर्षं उघडलं नाही. घरी आले की डबे, पोळ्या, दाराची बेल; झोप मिळायची ती तुकड्यातुकड्यांनी. तू सासरी-माहेरी पहिल्याच आठवड्यात सांगून टाक, दुपारी दोनपर्यंत कुणी हाक मारायची नाही. आणि नाइट असो नसो, छातीत गाठ लागली तर ड्युटी संपायची वाट न बघता दाखव. आपणच पेशंटला सांगतो आणि आपणच विसरतो.

पडदा जाड आणि काळा घे. माझा निळा होता, पातळ. अकराच्या उन्हात अख्खी खोली निळी व्हायची आणि मी त्यात डोळे मिटून पडलेली असायचे.

तुझी,
सिस्टर