'हे वाण' नव्हे, 'हा वाण'

उष्णतेत टिकणाऱ्या भाताच्या जातीला 'उष्णतारोधक वाण' म्हणणं बरोबर की 'उष्णतासहनशील वाण', असा प्रश्न आलाय.

सहनशील. रोधक म्हणजे अडवणारा. पावसाळ्याआधी आमच्या चाळीच्या गच्चीवर थापतात तो लेप जलरोधक, निदान पहिल्या सरीपर्यंत तरी. भाताचं रोप उष्णता अडवत नाही. ती आत शिरते, पेशीतली प्रथिनं बिघडवते, आणि रोप ती बिघडलेली प्रथिनं सावरतं नाहीतर मोडीत काढतं. आफ्रिकी भातातला टीटी१ हा जनुक (शोध २०१५ चा) हे मोडीत काढायचंच काम चोख करतो. त्याला रोधक म्हणायचं, तर रोज विरार लोकलमध्ये चेंगरून येणाऱ्याला गर्दीरोधक म्हणा!

माझं डोकं फिरतं ते मात्र 'हे वाण' ऐकून. 'हे वाण' संक्रांतीला लुटतात. ते 'वायना'वरून आलं. पूजेत गुरुजी 'वायनदान' म्हणतात तेच. बियाण्याचा तो वाण, पुल्लिंगी, आणि तो 'वर्णा'चा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. तिथे वाण म्हणजे रंगच.

दादरचे एक निवृत्त मास्तर यावर मला नियम ऐकवतात: कर्णाचा कान, पर्णाचं पान, मग वर्णाचा वाण कसा, 'वान' हवा. अहो, होताच की! 'तुझे गुण किती वानू' यातलं वानणं कुठून आलं? 'वर्णना'तूनच. वानगीही त्याच घराण्यातली असं मी मानतो. परवा वाण्याकडे कोलमची वानगी मागितली, तर त्याने 'सॅम्पल?' म्हणून चिमूटभर तांदूळ तळहातावर ठेवला. माझा तर्क असा, की 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या बोलीतला 'वान' अशुद्ध वाटून शिकलेल्यांनी त्याला ण चढवला. मास्तरांना हे पटत नाही. नियम पाठ असला की कान बंद होत असावेत.

ढवळ्या-पवळ्याची म्हण मात्र भातशेतीत लागू पडत नाही. पस्तीस अंशांपुढे फुलोऱ्यात पराग निकामी होऊन दाणे पोचट राहू लागतात. उत्तर प्रदेशातल्या नगिन्याचा एन-२२ हा भाताचा वाण त्यातही बऱ्यापैकी दाणे भरतो. पण त्याच्या बांधाला दुसरा भात लावून गुण लागत नाही. भात बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतो, म्हणून संकर करून गुण वाणातच उतरवावा लागतो.

हां, 'सहनशील' जड वाटत असेल तर 'ऊन सोसणारा वाण' लिहा. पण 'सोसणारं' नको.